कौल कोणाचा ?



कोंकणांतल्या माणसाला 'कौल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. माझा गांव हेदवी. रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागरच्या दक्षिणेस, समुद्राला लागून असलेला हा गांव बाहेरच्या लोकांना दशभुज गणपतीमुळें आणि बामणघळींतून उसळणाऱ्या लाटांमुळें ठाऊक असतो. कोंकणांत घरांतला एखादा मोठा निश्चय करावयाचा झाला म्हणजे मंडळी ग्रामदेवतेच्या देवळांत जातात. गुरव गाऱ्हाणें घालतो, देवाच्या अंगाला ओल्या कळ्या किंवा पानें लावतो, आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची कळी अगोदर पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मुलीचें लग्न ह्या घरीं करावें कीं नाहीं, मुलाला मुंबईस धाडावें कीं नाहीं, विहीर ह्याच जागीं खणावी कीं कुंपणापलीकडे, असे किती तरी प्रश्न त्या दोन कळ्यांनीं सोडविले आहेत. सुशिक्षित माणूस ह्यास हसतो. मी हसत नाहीं. कारण कौल मागणारा माणूस निदान एवढें तरी कबूल करीत असतो कीं, आपल्या मनाला वाटलें तेवढ्यावरून उठून चालूं लागणें बरें नव्हे.

आज मी ज्या प्रश्नाविषयीं बोलणार आहें तो ह्याच जातीचा आहे. मात्र त्यांत कळ्या नाहींत आणि गुरवहि नाहीं. एखाद्या मनुष्यास अंतर्यामीं असें वाटूं लागतें कीं, ख्रिस्त आपणांस बोलावीत आहे. कोणाला त्याचें शिष्यत्व पत्करण्यासाठीं, कोणाला चालती नोकरी सोडून धर्मसेवा करण्यासाठीं, कोणाला मठांत जाऊन राहण्यासाठीं. मराठी ख्रिस्ती लोक ह्यास 'पाचारण' असा सुंदर शब्द वापरतात. आतां हें पाचारण खरें कीं मनाचा खेळ, हें ठरवावें कोणीं? ज्येष्ठांना, पाळकांना, गुरुजनांना विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये असें ख्रिस्ती समाजांत फार पूर्वींपासून सांगत आले आहेत. सल्ला चांगला आहे. परंतु कोणाला विचारावें, आणि त्यानें सांगितलें तर तें कुठवर ऐकावें, हे प्रश्न त्यानें सुटत नाहींत. ह्या निश्चयाची किंमत एकट्यानें भरावयाची असती तर ते फारसे बिकट नव्हते. ती किंमत बायकोला, मुलांना आणि म्हाताऱ्या आईबापांना भरावी लागते, आणि पुष्कळदां त्यांना न विचारतां.

बायबलाच्या जुन्या करारांत एक गोष्ट आहे. शमुवेल नांवाचा मुलगा मंदिरांत एली नांवाच्या वृद्ध याजकापाशीं राहत असे. रात्रीं त्याला कोणी हांक मारली. एलीनेंच बोलावलें असेल असें समजून तो धांवत त्याच्याकडे गेला. एली म्हणाला, मीं बोलावलें नाहीं, जाऊन नीज. असें तीन वेळां झालें. तिसऱ्या वेळीं म्हाताऱ्याच्या ध्यानांत आलें कीं मुलाला बोलावणारा कोण आहे. त्यानें त्याला सांगितलें कीं, पुन्हां जाऊन नीज, आणि हांक आली तर आपण ऐकत आहों एवढें बोल. ह्या गोष्टींतलें मर्म मला असें वाटतें कीं, हांक एलीला ऐकूं आली नव्हती. ती मुलाला आली होती. एलीनें तिचा अर्थ स्वतः सांगितला नाहीं, 'तूं याजक हो' असेंहि म्हटलें नाहीं. ज्या जागेवरून मुलगा उठून आला होता त्या जागीं त्यानें त्याला परत पाठविलें. आणि सकाळीं जो निरोप कळला तो तर एलीच्याच घराण्याविरुद्ध होता! तोहि त्या म्हाताऱ्यानें आग्रहानें वदवून घेतला व मान खालीं घालून ऐकला. एली हा कांहीं आदर्श पुरुष नव्हता. त्याचे मुलगे बिघडलेले होते आणि त्यानें त्यांना आवरलें नव्हतें. तरी मार्गदर्शकाचें काम त्या एका रात्रीं त्यानें असें केलें कीं, पुढच्या पुष्कळ थोर थोर गुरूंना तें साधलें नाहीं.

नव्या करारांत पौलाची हकीकत आहे ती जरा निराळी. दिमिष्काच्या वाटेवर त्याला पाचारण झालें, आणि तेथल्या हनन्या नांवाच्या एका साध्या शिष्यानें, भीत भीतच, त्याला जवळ केलें. परंतु पुढें गलतीकरांस लिहितांना पौल अभिमानानें सांगतो कीं, आपण लगेच कोणा मनुष्याची मसलत घेतली नाहीं. अरबस्तानांत गेलों, आणि तीन वर्षांनीं यरुशलेमेस जाऊन पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलों. म्हणजे विचारावें असें म्हणणाऱ्यालाहि बायबलांत आधार आहे आणि न विचारणाऱ्यालाहि आहे. शास्त्राधार काढून हा वाद मिटत नाहीं. तेव्हां प्रत्यक्ष माणसें काय करीत आलीं तें पाहूं.

तीं पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. स्कॉटिश मिशनरी १८२३ सालीं प्रथम उतरले ते आमच्याच किनाऱ्यावर, बाणकोटास. हर्णे येथेंहि त्यांचें ठाणें होतें. पुढें मुंबईंत शिक्षणाच्या कामानें नांवाजलेले डॉक्टर जॉन विल्सन १८२९ सालीं ह्या देशांत आले तेव्हां मराठी शिकण्यासाठीं आरंभीं हर्ण्यासच राहिले होते. हेदवीहून उत्तरेकडे निघालें म्हणजे दाभोळची खाडी ओलांडून आपण ह्या मुलुखांत शिरतों. त्याच खाडीच्या उत्तरेस करजगांव नांवाचें एक खेडें आहे, आणि तेथें १८६१ सालीं नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. ते 'फुलामुलांचे कवि' म्हणून आपण सर्वांनीं शाळेंत वाचले आहेत. त्यांच्या पाचारणाची कथा मात्र शाळेंत सांगत नाहींत.

टिळकांचा स्वभाव ज्याला आपण 'एका जागीं न ठरणारा' म्हणतों तसा होता. आई लहानपणींच गेली. मुलगा घर सोडून नाशकास आला, संस्कृत शिकला, कवि झाला, कीर्तनें-पुराणें करूं लागला. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. नव्या धर्माची कल्पनाहि त्यांच्या मनांत घोळत होती. अशा वृत्तींत असतांना नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या, आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत हातीं ठेविली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतहि केलें म्हणतात. टिळकांनीं पुस्तक वाचावयास घेतलें आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशीं येऊन ते थांबले.

पुढें त्यांनीं काय केलें हें आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. त्यांनीं एकदम उडी घेतली नाहीं. आपली ओळख लपवून ख्रिस्ती लोकांशीं पत्रव्यवहार सुरू केला, शंका विचारल्या, उत्तरें तपासलीं. नांव लपविण्याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत. मला त्यांत शहाणपण दिसतें. सल्ला देणाऱ्याला विचारणारा कोण हें ठाऊक असलें म्हणजे त्याच्या सल्ल्यांत लोभ शिरण्याचा संभव असतो. एक विद्वान ब्राह्मण कवि आपल्या बाजूला येत आहे हें कळल्यावर कोणत्या मिशनऱ्याचें मन अगदीं तटस्थ राहिलें असतें? निनांवी पत्राला मिळालेलें उत्तर हें प्रश्नाला मिळालेलें उत्तर असतें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि तोहि गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेतां आपल्याच देशांतल्या पाळकाच्या हातून घेतला.

म्हणजे विचारपूस झाली, थांबणें झालें, परीक्षा झाली. सर्व कांहीं यथासांग झालें. फक्त एका माणसाला विचारलें नव्हतें. तें माणूस म्हणजे त्यांची पत्नी.

लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या असतांना त्यांचें लग्न झालें होतें. नवऱ्याच्या येरझारांची त्यांना संवय होती. पण धर्म सोडून जाणें ही येरझार नव्हे. बातमी आली तेव्हां पदरीं लहान मुलगा होता आणि भोंवतीं सोंवळ्याओंवळ्याचें कडक वातावरण होतें. त्यानंतर चार-पांच वर्षें नवरा-बायको एकमेकांपासून तुटून राहिलीं. नातेवाईकांनीं त्यांना सांभाळलें, पण समाजाच्या दृष्टीनें त्या ना सधवा राहिल्या ना विधवा. हें सर्व त्यांनीं पुढें 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. आपल्या दुःखाची चेष्टा करीत करीत तें सांगण्याची त्यांची हातोटी अशी आहे कीं, हंसतां हंसतां वाचणाऱ्याला आपण कशाला हंसलों हें उमगून ओशाळल्यासारखें होतें. नवऱ्याला त्या दोष देत बसत नाहींत. पण वाचकानें हिशेब करावयाचा म्हटलें तर आंकडे सगळे पुस्तकांत आहेत.

टिळकांचा बचाव करतां येईल. बायकोला आधीं सांगितलें असतें तर नातेवाईकांनीं त्यांना कोंडून घातलें असतें, आणि त्या काळीं अशीं उदाहरणें घडतहि होतीं. हें खरें आहे. तरीहि माझें मन त्या बचावानें भरत नाहीं. ज्यांना उत्तर द्यावें लागणार नाहीं अशा लोकांना विचारणें सोपें असतें. मुंबईच्या पाळकानें 'हो' म्हटलें, त्याच्या घरांतली चूल त्या दिवशींहि वेळेवर पेटली असेल. ज्या घरांतली चूल विझणार होती तेथें मात्र प्रश्न पोंचलाच नाहीं.

आणि ह्याच लक्ष्मीबाईंनीं पुढें काय केलें? त्या नगरास नवऱ्याजवळ येऊन राहिल्या त्या आपलें सोंवळें सांभाळून. टिळकांनीं त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. हें त्यांचें मोठेंच औदार्य म्हटलें पाहिजे, कारण उपदेश करण्याची हौस त्यांना कमी नव्हती. मग एकदां ह्या बाईंच्या मनांत आपलें आपणच आलें कीं, जाति केल्या कोणीं, देवानें कीं माणसानें? देवानें केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखा त्यांत कांहीं तरी दिसण्याजोगा फरक त्यानें ठेवला असता. गांठ सुटली. १९०० सालीं त्यांनीं व मुलानें बाप्तिस्मा घेतला. ह्या निश्चयाला त्यांनीं कोणाचा सल्ला घेतल्याचें दिसत नाहीं. ज्यानें शेंकडों प्रश्न विचारले त्याला दोन वर्षें लागलीं, आणि ज्या बाईनें स्वतःलाच एक प्रश्न विचारला तिला पांच. वेळ दोघांनाहि लागला. मला ह्यांतला वेळ हा सल्ल्यापेक्षां मोलाचा वाटतो.

मार्गदर्शकाचें माप मोठें झालें म्हणजे काय होतें तें पाहावयाचें असेल तर पंडिता रमाबाईंकडे वळावें लागतें. १८८२ सालीं नवरा वारल्यावर त्या लहानग्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथें त्यांना फादर नेहेम्या गोरे भेटले. १८८३ सालीं त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेनें इंग्लंडास गेल्या व वॉन्टेज येथील भगिनींच्या मठांत उतरल्या. जातांना ख्रिस्ती होण्याचा त्यांचा विचार नव्हता. गोऱ्यांनीं लिहिलेल्या युक्तिवादानें त्यांचें मन फिरलें आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. येथपर्यंत गुरु-शिष्याचें नातें ठीक चाललें होतें.

नंतर तें अवघड झालें. मठांतल्या सिस्टर जेराल्डीन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणत. ह्या आजीबाईंचें प्रेम खरें होतें, पण कोंकणांतल्या एखाद्या कडक आजीसारखें तें नातीच्या ताटांत काय वाढलें आहे इथपर्यंत पोंचत असे. रमाबाई मांस-अंडीं खात नसत. आजीबाईंना त्यांत जुन्या जातीचा गर्व दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, असें रमाबाई विचारीत. आजीबाईंना त्यांत हट्ट दिसे. पुढें चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत असतांना रमाबाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला. प्रश्न रमाबाईंचा, परंतु तो त्यांना न सोडवूं देतां मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांकडे नेला गेला! बिशपांनीं नको म्हणून सांगितलें. ज्या बाईनें भर सभांतून शास्त्री-पंडितांपुढें बोलून कलकत्त्यास 'पंडिता' ही पदवी मिळविली, तिनें चार तरुणांना शिकविलें तर तिच्या देशांत तिची अब्रू जाईल अशी ह्या मंडळींना भीति होती.

रमाबाईंनीं त्यावर जीं उत्तरें लिहिलीं तीं सुदैवानें शिल्लक आहेत. त्यांचा व सिस्टर जेराल्डीन आदींचा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मला ईश्वरानें विवेकबुद्धि दिली आहे. एका पुरोहितवर्गाचें जूं मीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्या पुरोहितवर्गाचें घेण्यासाठीं नव्हे. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील ह्यांच्याशीं मात्र त्यांचें जमलें. बीलबाई शंकेला पाप मानीत नसत, शंकेला उत्तर लिहीत. रमाबाईंनीं त्रैक्यासारख्या कठीण सिद्धांतावर पानेंच्या पानें विचारावींत आणि त्यांनीं तितक्याच सबुरीनें विचार करून लिहावें. एकाच बाईला एकाच वेळीं दोन मार्गदर्शिका मिळाल्या होत्या. एकीला तिचें मन ताब्यांत हवें होतें, दुसरीला तें पायांवर उभें राहिलेलें हवें होतें. आजीबाई वाईट होत्या असें मी म्हणत नाहीं. त्यांना आपल्या शिष्येच्या आत्म्याची खरी काळजी होती. पण काळजी आणि मालकी ह्यांच्यामधली भिंत किती पातळ असते हें घरोघरच्या सासवांना आणि आयांना मीं सांगावयाचें काय कारण?

१८८६ च्या आरंभीं, वॉन्टेजच्या मंडळींची मर्जी नसतांनाहि, रमाबाई अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी त्या वर्षीं ११ मार्चला फिलाडेल्फियास डॉक्टर व्हावयाच्या होत्या, त्या समारंभास हजर राहणें हें तात्कालिक कारण. बरोबर तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ ला, मुंबईस शारदासदन निघालें. म्हणजे ज्या कामासाठीं रमाबाईंचें पाचारण होतें तें काम गुरूंचें न ऐकल्यामुळें उभें राहिलें. आणि गंमत अशी कीं, त्याच शारदासदनासाठीं त्यांनीं रानडे-भांडारकरांसारखे हिंदु सल्लागार आपण होऊन नेमून घेतले. धर्म शिकविण्यावरून वाद होऊन १८९३ सालीं ते सल्लागार बाहेर पडले. तेव्हांहि रमाबाईंनीं आपल्याला खरें वाटलें तेंच केलें. ह्या बाई सल्ला सर्वांना विचारीत, आणि निर्णय कोणाच्या हातीं देत नसत. हें ज्यांना साधतें त्यांना लोक हट्टी म्हणतात. कधीं कधीं तें खरेंहि असतें.

आतां फादर गोऱ्यांविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रमाबाईंना वाट दाखविणारे हे नीलकंठशास्त्री गोरे काशीचे, कोकणस्थ ब्राह्मण, दर्शनशास्त्रांचे गाढे पंडित. बाजारांत उपदेश करणाऱ्या मिशनऱ्याचा पराभव करावा म्हणून ते वादास गेले, आणि वाद करतां करतां त्यांचीच खात्री पटली. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपुरास त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अशा माणसानें सहा दर्शनांचें खंडन लिहिलें, कित्येकांच्या शंका फेडल्या. पण स्वतःच्या शंका त्यांना जन्मभर पुरल्या. उतारवयांत त्यांना संन्यासी संघांत जावें असें वाटलें. १८७६ सालीं ते काउलीच्या फादरांच्या संघांत उमेदवार म्हणून दाखल झाले. आणि उमेदवारच राहिले. शेवटचें व्रत घेण्याचें त्यांच्यानें झालें नाहीं. १८९५ सालीं, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर कांहीं महिन्यांनीं, ते मुंबईस वारले.

ह्या माणसाची मला सर्वांत अधिक ओढ वाटते. संघानें त्यांना घालवून दिलें नाहीं, कीं 'आतां एकदां कायतें ठरवा' म्हणून भंडावून सोडलें नाहीं. त्यांना तसेंच राहूं दिलें. आपल्याकडे असा मनुष्य धरसोडीचा ठरतो. परंतु 'माझी अजून खात्री नाहीं' असें सांगण्याची मोकळीक ज्याला वीस वर्षें मिळाली, त्याला मार्गदर्शक वाईट मिळाले होते असें म्हणवत नाहीं.

रोमन कॅथलिक पंथांत ही गोष्ट नियमांत बसविली आहे. मठांत जाऊं म्हणणाऱ्याला कमींत कमी बारा महिने उमेदवारी करावी लागते, त्याआधीं व नंतरहि पायऱ्या असतात, आणि ह्या सर्व काळांत त्याला निघून जाण्याची आणि संघाला 'तुमची जागा येथें नाहीं' म्हणण्याची मुभा असते. लोयोलाच्या इग्नाशियसनें तर साधकांसाठीं एक फार व्यवहारी नियम घालून दिला आहे: मन उदास व कोरडें असतांना पूर्वीं केलेला निश्चय बदलूं नये. त्यानेंच असेंहि बजावलें आहे कीं, एकांतसाधना करवून घेणाऱ्या गुरूनें शिष्याला अमुक एका जीवनाकडे ढकलूं नये. तराजूच्या कांट्यासारखें मध्यें राहावें. वसईकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतून मुलगे-मुली आजहि धर्मसेवेस जातात. तेथल्या आईबापांना हा लांबलचक रस्ता कंटाळवाणा वाटत असेल. पण ढकलणारा हात आणि थांबविणारा हात दोन्ही ह्या रस्त्यानें सैल पडतात.

कोणी म्हणेल, पाचारण देवाचें असेल तर एवढी चौकशी कशाला? तुकोबांना गुरूपदेश स्वप्नांत झाला, त्यांनीं कोठें कोणाला विचारलें? खरें आहे. पण त्या स्वप्नाची परीक्षा तुकोबांनीं पुढें उभ्या आयुष्यानें दिली. आपल्यासारख्या सामान्य माणसाला स्वप्न पडलें तर त्यानें तें चार माणसांपुढें मांडावें हें बरें. मात्र त्या चारांत एक तरी असा असावा कीं ज्याला आपल्या 'हो' म्हणण्यानें कांहीं लाभ नाहीं, आणि एक तरी असा असावा कीं ज्याचें आपल्या जाण्यानें नुकसान होणार आहे. पाळकाकडे जाणाऱ्या बहुतेकांना पहिला माणूस मिळत नाहीं, आणि दुसऱ्याला ते टाळतात. पाळकानें तरी त्यांना विचारावें: घरीं सांगितलें आहे काय? एवढा एक प्रश्न १८९५ सालीं कोणीं जोर करून विचारला असता तर लक्ष्मीबाईंचीं पांच वर्षें वांचलीं असतीं कीं टिळकांचें पाऊलच अडलें असतें, हें सांगतां येत नाहीं. प्रश्न विचारावयास हवा होता एवढें मात्र सांगतां येतें.

टिळकांना पुढें आणखी एकदां पाचारण झालें. ख्रिस्ती झाल्यावर बावीस वर्षें त्यांनीं मिशनशीं निगडित राहून काम केलें. नगरास शिकविलें, 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळली, भजनें लिहिलीं. १९१७ सालीं त्यांना वाटलें कीं, पगारी धर्मसेवक म्हणून आपण आपल्या लोकांपासून दूर राहिलों. त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेहि ख्रिस्ताचे भक्त म्हणून त्यांत एकत्र बसावेत अशी ती कल्पना होती. कित्येकांना ती धाडसाची वाटली. पण ह्या वेळीं वेगळें काय होतें, तर लक्ष्मीबाई आतां पंढरपुरास किंवा जलालपुरास नव्हत्या. त्याच घरांत, त्याच चुलीपाशीं होत्या. ठरलेला पगार सुटला त्याची झळ त्यांना लागली, पण ह्या खेपेस त्या बाहेर नव्हत्या. दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, टिळक वारले. दरबार फार काळ चालला नाहीं. येशूचें चरित्र ओवीबद्ध करावें म्हणून त्यांनीं 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतलें होतें. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. राहिलेल्यांतले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले.